शहादेवचा बिनगिअरचा टेम्पो

केज-नांदूरघाट रस्त्यावर ज्यांनी काळीपिवळी जीपनं प्रवास केला आहे, त्यांना शहादेव माहीत नाही असं होणार नाही. चेहरा आठवणार नाही कदाचित, कारण मागं कोंबून बसलेल्या माणसाला ड्रायव्हरची मानच दिसते. पण शहादेवची जीप म्हटलं की म्हातारी माणसंसुद्धा निर्धास्त बसायची. ऐन जवानीत तो स्टिअरिंगवर बसला आणि केस पिकले तरी उतरला नाही. इंजिनाच्या आवाजावरून त्याला गिअर कळायचा. शेजारी बसलेल्या सीटशी, म्हणजे पॅसेंजरशी, गप्पा मारता मारता हात आपोआप दांड्यावर जायचा आणि चढावर जीप अशी सुरळीत जायची की कडेवरचं पोर जागं होत नसे.

काळीपिवळीवाल्यांचे काही कायदे असतात. ते कुठं लिहिलेले नाहीत, पण मोडले तर स्टँडवर हसं होतं. पहिला कायदा, जीप भरल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. एसटी निघून जावो, सीटा शिव्या घालोत, शहादेव बोनेटला टेकून सुपारी कातरत उभा. "आजून चार सीटा येऊ द्या, मंग निघू," एवढंच उत्तर. अर्धी जीप घेऊन निघणारा ड्रायव्हर म्हणजे ज्याला धंदा कळत नाही असा माणूस. दुसरा कायदा, उतार लागला की गाडी न्यूट्रल, गिअर काढून नुसती सोडायची. जेवढा उतार तेवढं डिझेल मालकाच्या खिशात. मालक लोक त्याला एकमेकांकडून पळवायचे ते याच कसबासाठी. आणि एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, की वरच्या वस्तीवरच्या बौद्ध घरातल्या या माणसाला गावातले भलेभले जमीनदार जीपच्या दारात उभं राहून 'शहादेवराव, पुढची सीट ठेवा' म्हणायचे. हा मान त्याला गिअरच्या दांड्यानं मिळवून दिला होता, आणि तो त्यानं जिवापाड जपला होता.

पुढं जीप म्हातारी झाली, पासिंग होईना, मालकानं ती भंगारात घातली. नेमक्या त्याच सुमाराला गावच्या दूध संस्थेला एका योजनेतून विजेवरचा टेम्पो मिळाला. संस्थेचे चेअरमन सुंदरराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "गाडी द्यायची तर शहादेवलाच. दुसऱ्या कुणाच्या हाती देणार न्हाई मी."

शहादेवनं टेम्पोत बसून आधी डाव्या हातानं चाचपलं. दांडा नाही. खाली बघितलं. क्लच नाही. स्टिअरिंगजवळ एक गोल बटण होतं, ते फिरवलं की गाडी पुढं, उलटं फिरवलं की मागं, मध्ये ठेवलं की न्यूट्रल. बास. पहिल्याच दिवशी त्याचं डोकं फिरलं. "हे काय खेळणं हाय का बे?" असं तो गाडी आणून देणाऱ्या पोऱ्याला म्हणाला, आणि तिथून पुढं त्याचा राग कधी पुरता उतरलाच नाही.

त्या वर्षी पावसानं पार तोंड काळं केलं. खरीप करपलं, विहिरींचे तळ दिसू लागले, आणि बोरखिंडीच्या वरच्या वस्तीतल्या बोअरनं तर दिवाळीच्या आधीच धूर ओकला. सरकारी टँकर यायचा, पण तो माणसांपुरता. म्हशींनी काय करायचं? त्या वस्तीवर घराघरात दोन-दोन म्हशी, आणि शेतात काही नसल्यामुळं सगळं चालायचं ते दुधावर. शहादेवची धाकटी बहीण पारूबाई नवरा गेल्यावर तिथंच राहत होती. तिच्याही दोन म्हशी होत्या. त्यांच्या जिवावर तिनं लेक बीडला नर्सिंगला घातली होती.

संस्थेनं ठरवलं की टेम्पोनं जाताना टाकीतून जनावरांसाठी पाणी वर न्यायचं आणि येताना दुधाचे कॅन खाली आणायचे. निर्णय चांगला होता, सुंदररावांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं. अडचण एकच, मध्ये बोरखिंड.

शहादेवनं टाकी काठोकाठ भरली. भरणारच. खिंडीच्या निम्म्यात टेम्पोचा जीव जाऊ लागला, समोरच्या छोट्या पडद्यावर एक लाल कासव उमटलं, आणि गाडी त्या कासवासारखीच चालू लागली, मग तीही चालेना. जीप असती तर त्यानं फर्स्ट टाकला असता. पाय क्लच शोधत राहिला, हात दांडा शोधत राहिला, दोन्ही हवेत. शेवटी खाली उतरून चाकामागं दगड लावला आणि टाकीची तोटी उघडली. अर्धं पाणी रस्त्यावर सोडून दिल्यावर गाडी वर चढली.

दुष्काळात, भर रस्त्यावर, पाणी! वरून वस्तीतल्या बाया बघत होत्या. शहादेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि हे एकदा झालं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तेच व्हायचं. त्यात भर म्हणून एक दिवस परत येताना चार्जिंगच संपलं, आणि ज्या शहादेवनं उभ्या हयातीत कुणाची दोरी लावून घेतली नव्हती त्याचा टेम्पो ट्रॅक्टरनं ओढून आणावा लागला. केजच्या स्टँडवर ही बातमी त्याच्या आधी पोचली होती.

तो टेम्पो घेऊन बीडला शोरूमला गेला. तिथल्या इंजिनिअरनं त्याला पंख्याखाली बसवलं, चहा पाजला आणि समजावून सांगितलं.

"काका, विजेच्या मोटरला गिअर लागतच नाहीत. डिझेल इंजिनाचा जोर ठरावीक वेगातच येतो, म्हणून त्याला चार-पाच गिअर द्यावे लागतात. मोटरचा जोर पहिल्या झटक्यापासून मिळतो. गिअरबॉक्स घातला तर उगाच वजन, उगाच खर्च, बिघाडाला एक जागा जास्त."

"मंग ते कासव कावून येतं?"

"मोटर तापली की येतं. लोड जास्त होत असेल."

"टाकी तुमीच बसवून दिली ना? आता ती भरायची न्हाई का?"

इंजिनिअर हसला. मग त्यानं लॅपटॉप जोडून गाडीला नवा अपडेट टाकला. तो टाकल्यावर काय बदललं म्हणाल तर लाल कासव नारिंगी झालं आणि पडद्यावर रोज सकाळी 'सुप्रभात' येऊ लागलं. बोरखिंडीवर काडीचा फरक पडला नाही. शहादेव रोज सकाळी त्या सुप्रभातला एक शिवी घालायचा आणि मग गाडी काढायचा.

वर्ष उलटायच्या आत त्याच इंजिनिअरनं संस्थेच्या सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. नवं मॉडेल आलं होतं, डोंगराळ भागासाठी खास, दोन गिअरचं. शहादेवनं तिथल्या तिथं फोन लावला.

"सायेब, परवा तर म्हणले गिअरची गरजच न्हाई."

"जुन्या मॉडेलला नव्हती काका."

"जुनं? आरं, सीटवरचा प्लास्टिकचा कागद आजून निघाला न्हाई माज्या गाडीचा."

समोरून काहीतरी गुळमुळीत उत्तर आलं. शहादेवनं रागानं फोन ठेवला. पण त्या रागात एक समाधानही होतं. म्हणजे आपण पहिल्यापासून म्हणत होतो तेच खरं. कंपनीनंच कबूल केलं. आता तो पारावर, डेअरीत, स्टँडवर, जो भेटेल त्याला तेच ऐकवू लागला. गिअरशिवाय गाडी म्हणजे गाडीच नव्हे, आणि ही बला बोरखिंड चढायची नाही म्हणजे नाही. शोरूमवाल्यानं लोडचं म्हटलं होतं, ते या गडबडीत तो विसरून गेला.

संस्थेची सर्वसाधारण सभा भरली. सुंदररावांनी मुद्दाम त्याला उभं केलं. इतक्या माणसांत बोलायची त्याला सवय नव्हती, पण विषय गिअरचा होता.

"ही गाडी वर चढत न्हाई," तो म्हणाला. "मी सांगतो म्हणजे कुणाला इचारायची गरज न्हाई. गिअरचीच गाडी पायजे."

"ऐकलं का?" सुंदरराव म्हणाले. "ज्यानं सगळा जन्म गिअर टाकण्यात घातला तो माणूस सांगतोय. तर ठराव असा, की ही गाडी बदलीवर देऊन दोन गिअरचं नवीन मॉडेल घ्यायचं."

टाळ्या पडल्या. शहादेवनंही वाजवल्या. बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटलं. टाळ्या थांबल्यावर सुंदररावांनी पुढचं वाक्य वाचलं, की गाडी चढत नसल्याचं खुद्द ड्रायव्हरनंच सांगितल्यामुळं नवीन गाडी येईपर्यंत वरच्या वस्तीची फेरी बंद ठेवण्यात येत आहे. एवढं वाचून ते पेंडीच्या विषयाकडं वळले. शहादेव उभाच होता. कुणीतरी त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं.

संध्याकाळी तो वर गेला आणि पारूबाईला सांगितलं.

"तवर काय करायचं दादा?" तिनं विचारलं.

"म्हैनाभरात येतीया गाडी. तवर धकवा कसंतरी."

वस्तीनं धकवलं. माणसांच्या टँकरचं पाणी मोजून म्हशींना पाजू लागले. दूध निम्म्यावर आलं आणि ते निम्मंही डोक्यावरून खाली आणावं लागायचं.

संकलन केंद्रावर दूध मोजून घेणारी सिंधुबाई म्हणून एक बाई होती. चाळिशीतली, अंगानं किरकोळ, जिभेनं नाही. वरच्या बाया उन्हातनं कॅन घेऊन यायच्या त्या तिच्याच समोर. तिनं याच टेम्पोवर केंद्राच्या अंगणात हात बसवून लायसन काढलं होतं. त्याआधी तिनं सायकलसुद्धा चालवली नव्हती. सुंदरराव लग्नासाठी पुण्याला गेल्याचं बघून ती शहादेवला म्हणाली, "भाऊ, मी नेते पाणी वर. तुमी बसा बाजूला, काय झालं तर असावं मानूस."

शहादेव बसला. खरं सांगायचं तर त्याला कासव बघायचं होतं. त्याच्या हाती न चढलेली गाडी या बाईच्या हाती चढू नये, असं त्याला मनापासून वाटत होतं, मग बहिणीच्या म्हशींचं काहीही होवो. माणूस चिडला की असा होतो.

सिंधुबाईनं अर्धी टाकी भरली आणि पाइप काढून घेतला.

"अर्ध्या टाकीनं कुणी जातं व्हय?"

"भरलेली टाकी घेऊन चढाला जायचं मला भ्याव वाटतं भाऊ. दोन टायमाला नेऊ."

"दोन फेऱ्याला चार्जिंग पुरन का? एकाला पुरंना झालंय."

"न्हाई पुरलं तर हायच की ट्रॅक्टर."

हा टोला त्याला लागला. टेम्पो खिंडीला लागला. शहादेवची नजर पडद्यावर. निम्मी चढण गेली. जिथं तो तोटी उघडायचा ती जागा गेली. कासव आलं नाही. गाडी कुरकुरत का होईना, वस्तीत जाऊन उभी राहिली. बाया घागरी घेऊन पळत आल्या. पारूबाईच्या म्हशींनी हौदात तोंडं घातली ती वर काढीनात.

येताना उतार लागला आणि शहादेवचा हात सवयीनं त्या गोल बटणाकडं गेला.

"काय करताव?"

"उतार हाय. न्यूट्रल मारायची. चार्जिंग वाचतं."

"राहू द्या. सुटलेल्या गाडीचं लई भ्याव वाटतं मला."

तिनं फक्त पाय उचलून घेतला. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी सावकाश उतरू लागली. पडद्यावर चार्जिंगचा आकडा होता तो एकानं वाढला. शहादेवला वाटलं आपलीच नजर चुकली. पुढच्या वळणानंतर तो आणखी एकानं वाढला. त्यानं बाहीनं पडदा पुसला.

ज्याला जीप ठाऊक आहे त्याला हे कळायला फार वेळ लागत नाही. उतारावर चाकंच मोटरला फिरवतात आणि मोटर उलटी वीज तयार करून बॅटरीत भरते. न्यूट्रल मारलं की हा दुवा तुटला. म्हणजे चार्जिंग वाचवण्यासाठी शहादेव आजवर जे करत होता, त्यानंच ते घालवत होता. आणि टाकी भरल्याशिवाय निघायचं नाही, हा त्याचा स्टँडवरचा कायदा मोटर तापवत होता. सिंधुबाईला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिला फक्त भीती वाटत होती. त्या दिवशी दोन फेऱ्या होऊन टेम्पो ट्रॅक्टरशिवाय घरी आला.

सुंदरराव परत आले त्याच दिवशी तो त्यांच्याकडं गेला. ते झोपाळ्यावर बसून फोनवर नव्या टेम्पोच्या कार्यक्रमाचं बोलत होते. फोन संपल्यावर शहादेव म्हणाला, "सायेब, जुनी गाडी चढती. अर्धी टाकी नेली का चढती. बदलू नका."

सुंदररावांनी झोपाळा थांबवला. "तूच बोलला ना सभेत, चढत न्हाई म्हणून?"

"चुकलं माजं."

"मला सांगून काय उपेग? ठराव सभेचा हाय. बोलवू पुन्हा सभा? उभा राहा अन् सांग सगळ्यांला, गाडीत काय खोट नव्हती, मलाच चालवता येत नव्हती. सांगतो का?"

ते रागावून बोलले नाहीत. हसत हसतच बोलले. शहादेवच्या डोळ्यांपुढं पार आला, स्टँड आला, 'शहादेवराव, पुढची सीट ठेवा' म्हणणारी माणसं आली, त्यांची हसणारी तोंडं आली. सिंधुबाईचं नाव घेऊन जन्मभर चिडवतील हेही दिसलं. तो खाली मान घालून उभा राहिला.

"मंग जाऊ दे," सुंदरराव म्हणाले. "दोन गिअरचीच घेऊ. म्हैनाभराचा तर प्रश्न हाय."

बदलीत जुनी गाडी आधी जमा करायची होती, म्हणून तो टेम्पो शहादेवनंच बीडच्या शोरूमला नेऊन दिला. उतारावर न्यूट्रल मारलं नाही. पोचला तेव्हा बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली होती. इंजिनिअर म्हणाला, गाडी छान ठेवलीय काका.

नवी गाडी महिन्यात आली नाही. कंपनीनं कळवलं की गिअरबॉक्समध्ये सुधारणा चालू आहे, सुधारलेलं मॉडेलच देऊ. मग आणखी एक अपडेट निघाला. शहादेव रोज शोरूमला फोन करायचा. आधी विनंती, मग भांडण, मग नुसतं "काय झालं?" इकडं ऊन वाढत गेलं. आधी एका घरानं म्हशी नेकनूरच्या बाजारात नेल्या, मग रांगच लागली. सगळीकडूनच जनावरं बाजारात उतरलेली, त्यामुळं येईल त्या भावाला द्यावी लागत होती. पारूबाईनं निरोप धाडला की म्हशी बाजारात न्यायच्यात, दादा बरोबर आला तर बरं होईल. शहादेवनं काम आहे म्हणून सांगितलं. काम कसलं, गाडीच नव्हती. तो दिवसभर घरात भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. म्हशी येईल त्या भावात गेल्या आणि पारूबाईच्या लेकीचं नर्सिंगचं वर्ष तिथंच थांबलं.

मृग तोंडावर आला तेव्हा नवा टेम्पो आला. हार, पेढे, फोटो, सुंदररावांचं भाषण. शहादेवनं आत बसून दांडा शोधला. तो नव्हताच. दोन गिअर होते, पण गाडी आपली आपणच बदलायची. पहिला कधी टाकायचा आणि दुसरा कधी, हे शहादेवला विचारायची तिला गरज नव्हती.

सुंदररावांनी पहिली फेरी वरच्या वस्तीची ठेवली होती. टाकी काठोकाठ भरली. खोटं कशाला बोला, गाडी झकास चढली. खिंडीत आपसूक पहिला गिअर पडला आणि भरल्या टाकीनिशी ती कुठंही न अडखळता वर गेली. चढाला, वजनाला गिअर लागतो, हे शहादेव म्हणत होता ते खरंच होतं. फक्त ते खरं होण्याची वाट बघायला वस्तीजवळ वेळ नव्हता.

हॉर्न ऐकून दोन-तीन बाया आल्या. पारूबाईनं घरातला ड्रम पुढं केला, तो भरला. मागं दावणीला नुसत्या खुंट्या होत्या आणि हौदाला तडे गेले होते. शहादेव पाइप धरून उभा होता. त्याला राहवेना.

"पारू, तो पयला टेम्पोबी चढत व्हता. अर्धी अर्धी टाकी न्यायला पायजे व्हती. माजीच चूक व्हती."

"ठावं हाय मला," पारूबाई ड्रमवर झाकण ठेवत म्हणाली. "सिंधुबाई बोलली व्हती त्याच दिशी."

"मंग तू गप का बसलीस? चेअरमनकडं जायचं. सभेत जायचं. म्हशी इकायच्या आदी मला तरी इचारायचं."

"तू जाऊन आलतास ना चेअरमनकडं? आन् मंग कुणालाच काय बोलला न्हाईस. मला वाटलं, तुला ते चारचौघात नको हाय." तिनं पदरानं हात पुसले. "सगळ्या केजात तुजं नाव हाय दादा. मी कशी बोलू?"

शहादेवनं पाइप पुढच्या दाराकडं ओढला. दुसऱ्या घरचे हंडे भरले, तिसऱ्या घरचे भरले. वस्तीवरची सगळी भांडी भरून झाली तरी टाकीत अजून निम्म्याहून जास्त पाणी होतं आणि ते पाजायला वस्तीवर एकही जनावर नव्हतं. त्यानं पाइप गुंडाळला आणि ते पाणी घेऊन तो परत खाली निघाला.